रिकाम्या फळीवरचा धोंडा

डेलियाची टोपली पॅच मॅनियनला सापडली त्या दिवशी समुद्र अगदी गप्प होता. फेब्रुवारीतली मोठी ओहोटी होती. अशा ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात आणि त्यांच्यावरचं लाल शेवाळ हाताशी येतं. ते कापून दगडी कुंपणावर वाळवतात. आमच्या पोर्टगारवमध्ये लोक ते खातात आणि विकतातही. माझी बायको डेलिया पोरवयापासून त्या कामाला जायची. मी त्या सकाळी मेंढ्यांना गवत टाकत होतो. पॅच पायवाटेने वर आला. त्याच्या हातात टोपली होती, तिच्यात अर्धं शेवाळ आणि तिची आखूड सुरी. त्याच्या डोक्यावर टोपी तशीच होती. ते पाहून मला वाटलं, विशेष काही नसेल.

"खडपात दोन दगडांच्या मध्ये अडकली होती," तो म्हणाला. "ती घरी आली का?"

मी नाही म्हटलं. मग त्याने टोपी काढली.

बोटी गेल्या, पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आलं. ते आमच्या छपरावरून इतक्या खालून गेलं की मेंढ्या कुंपण तोडून पळाल्या, आणि त्या गोळा करण्यात माझी एक दुपार गेली. लोक म्हणाले, बरं झालं, तेवढंच मन गुंतलं. मग एके दिवशी बोटी गेल्या नाहीत, आणि का गेल्या नाहीत हे कोणी मला सांगितलं नाही.

आमच्याकडे प्रेत सापडेपर्यंत, किंवा घरच्यांनी माणूस गेलं म्हणेपर्यंत, चर्चची घंटा वाजवत नाहीत. कबरीच्या दगडावर नाव घालत नाहीत. आणि घराच्या दाराला कडी लावत नाहीत. बुडालेल्या माणसाला ओल्या हातानं कडी उघडता येत नाही, असं म्हातारे सांगतात. माझ्या आजीने तिच्या भावासाठी मरेपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. मीही ठेवलं. वाऱ्याने ते रात्रभर आपटायचं, म्हणून मी खाली लोकरीची चिंधी कोंबली. सकाळी उंबऱ्याच्या आत पावसाचं पाणी असायचं. क्लिओना, माझी मुलगी, ते पुसून घ्यायची.

त्या वसंतात खेकडे आले नाहीत. पिंजरे वर ओढावेत तर आत नुसते तारामासे. मासळीचा कारखाना नाताळातच बंद पडला होता, त्यामुळे क्लिओनाही घरीच होती. अशात जिल्ह्याच्या कचेरीने गावाच्या सभागृहात भिंतीवरची चित्रं शिकवायचा वर्ग काढला. शिकवायला डेरी शहरातून फिनोला नावाची बाई आली. करड्या केसांची, पुरुषासारखे रुंद खांदे. ती पोर होती तेव्हापासून भिंती रंगवत आली होती, आणि तेही अशा शहरात, जिथं भिंतीवर कोणाचं तोंड काढलं यावरून डोकी फुटायची. कारखान्यातून सुटलेली पाचसहा जणं वर्गात गेली, आसपासच्या वाड्यांतली काही. क्लिओना पहिल्या दिवसापासून जायला लागली.

संध्याकाळी ती आली की हात वर उचलता यायचे नाहीत. दिवसभर डोक्याच्या वर हात धरून रेघ मारायला लावायची म्हणे ती बाई. रेघ थरथरली की पुसायची आणि पुन्हा मारायला सांगायची. खडूने माखलेला दोरा भिंतीवर ताणून सोडायचा, की सरळ ओळ उठते. अशा आडव्या-उभ्या ओळींनी आधी सगळी भिंत चौकटींत कापायची. मी मेंढ्यांच्या पायाला चोळायचं तेल तिच्या खांद्यांना लावून द्यायचो. ती म्हणायची, आता लोकर यायला लागेल मला. तेवढंच हसणं घरात होतं.

भिंत ठरली ती धक्क्यावरच्या बर्फाच्या कोठाराची. समुद्राकडे तोंड असलेली, बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक बोटीला आधी दिसते ती. चित्र काय काढायचं यावर सभागृहात बरीच भांडणं झाली. शेवटी पॅचचं म्हणणं लोकांना पटलं. डांबर फासलेली आमची जुनी लांबट होडी काढायची, आणि तिच्यात या बंदराची बुडालेली सगळी माणसं बसवायची. मात्र त्याने एक बजावलं. जितकी माणसं तितक्याच बसायच्या फळ्या. आमच्याकडे नवी होडी पाण्यात घालताना एकही फळी मोकळी ठेवत नाहीत. वल्हवणारे कमी पडले तर फळीवर धोंडा ठेवतात. मोकळी जागा राहिली तर समुद्र ती आपल्या निवडीनं भरतो. फिनोला हसली नाही. तिने फक्त विचारलं, मग किती फळ्या?

तो प्रश्न घेऊन क्लिओना घरी आली. मी बटाटे सोलत होतो.

"फिनोला विचारतेय, किती फळ्या काढायच्या."

कबरस्तानात नावं आहेत, मोज, असं मी म्हटलं.

"आई धरून की सोडून?"

मी हातातला बटाटा पुरता सोलला. मग म्हणालो, "सोडून."

तिने माझ्यापुढची सालं गोळा केली आणि कोंबड्यांना टाकायला बाहेर गेली. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. मला वाटलं, मिटलं.

त्यांची काम करायची रीत वेगळी होती. आमच्याकडे पाऊस उघडत नाही, त्यामुळे भिंतीशी उभं राहून रंगवणं जमत नाही. फिनोलाने पातळ कापडाचे हातभर लांबी-रुंदीचे चौकोन कापले होते. ते सभागृहात टेबलांवर रंगवायचे, आणि कोरडे दिवस आले की भिंतीवर खळीने एकाला एक लावून चिकटवायचे. एकदा धरलं की कापड आणि भिंत वेगळी ओळखू येत नाही. प्रत्येक चौकोनावर पेन्सिलीच्या रेघा, रेघांच्या आत आकडे, आकड्याप्रमाणे रंग. आणि रंगवणाऱ्याला चौकोन उलटा द्यायचा. सुलटा दिला की माणूस नाक आहे म्हणून नाक काढत बसतो, उलटा दिला की जे दिसतं तेवढंच रंगवतो, असं तिचं म्हणणं. अख्खं चित्र तिने आपल्या खोलीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

सगळ्या गावाचा हात लागला पाहिजे म्हणून मे महिन्यात एका रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सभागृहात बोलावलं. मी फक्त स्टोव्हमध्ये जाळायच्या पीटची, म्हणजे सुकवलेल्या दलदलीच्या मातीची, पोती टाकायला गेलो होतो. पॅच चष्मा लावून बसला होता आणि त्याच्या मिशीला निळा रंग लागला होता. त्याचा मुलगा टायग जमिनीवर बसून रंगवत होता. क्लिओनाचं आणि त्याचं लग्न पुढच्या वर्षी ठरलेलं. मी निघालो तर क्लिओना चौकोन घेऊन आली.

"हा तुमचा, बाबा."

माझ्या हाताला हे जमणार नाही म्हटलं, तर तिने खुर्ची ओढून दिली. मी बसलो. तपकिरी होतं, राखाडी होतं, थोडा हिरवट पांढरा. मध्ये एक बारीक फिकट पट्टी होती, वाकडी. मला ती दोरी वाटली. तिची कड नीट येईना, म्हणून मी ती सुकू दिली आणि पुन्हा केली. पॅच वाकून बघून म्हणाला, "बार्टलीनं गांडूळ काढलंय." लोक हसले, मीही हसलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच दुपार कशी गेली ते मला कळलं नाही. फिनोला मागून जाताना म्हणाली की माझा हात धीमा आहे, असे हात कमी मिळतात. क्लिओना सगळा वेळ माझ्या खुर्चीमागे उभी होती. घरी येताना ती मला दंडाला धरून चालली, जे ती मोठी झाल्यापासून करत नसे.

जूनमध्ये वारा उत्तरेला फिरला आणि आठवडाभर कोरडं ऊन पडलं. धक्क्यावर परांची चढली. मी खाली माझे पिंजरे दुरुस्त करत बसायचो. वर ती पोरं भिंतीला रुंद ब्रशनं खळ फासायची, चौकोन टेकवायची आणि रबरी पट्टीने मधून बाहेर हवा काढत न्यायची. चित्र खालून वर चढत होतं. आधी पाणी आलं. मग होडीचं काळं पोट. मग गुडघे, वल्ह्यांवरचे हात, स्वेटर. मग तोंडं यायला लागली तशी माणसं धक्क्यावर येऊन उभी राहू लागली. पॅचचा भाऊ आला. माझा मामा आला, ज्याला मी फक्त फोटोत पाहिलं होतं. बायका हळू आवाजात नावं घ्यायच्या आणि घरी जायच्या.

शेवटच्या दिवशी मागच्या फळीचं काम निघालं. तिथं एक बाई बसलेली होती. मांडीवर टोपली. होडीत आणखीही बायका होत्या, म्हणून मी पुन्हा जाळीत मान घातली. पण ते हात मला खाली बघू देईनात. अंगठा आत दुमडून धरायची सवय डेलियाची होती. मी उठून उभा राहिलो. क्लिओनाने पुढचा चौकोन उचलला, सुलटा केला आणि खांद्यांच्या वर टेकवला.

माझं गांडूळ डाव्या भुवईतून गेलेला वण होता. लग्नाच्या आधी डेलियाला मेंढ्याने शिंग मारलं होतं, तो वण. त्याच्याखाली तिचा डोळा होता, मी रंगवलेला, आणि तो बंदराच्या तोंडाकडे बघत होता.

परांचीवर मी कसा चढलो ते आठवत नाही. गुडघा सोलला होता ते नंतर दिसलं. खळ ओली होती. मी कोपऱ्याला नख घालून चौकोन सोलून काढला. तो फाटू नये म्हणून सावकाश काढला.

"मी सोडून म्हटलं होतं," मी क्लिओनाला म्हणालो.

"तुम्हीच रंगवलंत. तो वण दोनदा केलात."

"मला माहीत नव्हतं काय ते."

"माहीत असतं तर केलं असतंत का?" तिचे हात कोपरापर्यंत खळीने पांढरे झाले होते आणि ते तिने अंगापासून लांब धरले होते. "घरात तुम्ही दार उघडं ठेवलंय, बाबा. दार उघडं आहे तोवर मला तिच्यासाठी रडता येत नाही. रडले तर मीच तिला मारली असं होईल. मी रोज सकाळी ते पाणी पुसते."

फिनोला शिडीवरून वर आली. बापाचा होकार आहे असं क्लिओनाने तिला सांगितलं होतं, हे तेव्हा उघड झालं. घरच्यांच्या शब्दाशिवाय मेलेल्याचं तोंड काढायचं नाही, हे तिने पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि ते तिने सगळ्यांदेखत क्लिओनाला पुन्हा सांगितलं. टायग खाली उभा राहून ऐकत होता. मग ती माझ्याकडे वळली. चौकोन द्या म्हणाली. मी नाही म्हटलं. मग तिने भिंतीवरच्या त्या खांद्यांकडे, टोपलीकडे, हातांकडे बोट केलं.

"मग हिला पुसू का? वरून समुद्र रंगवते."

त्यालाही माझ्याच्यानं हो म्हणवेना.

"म्हणजे ही अशीच राहणार," फिनोला म्हणाली. "ना आत, ना बाहेर."

दोन दिवसांनी वर्ग संपला. परांची उतरली, पोरं पुढच्या गावाच्या भिंतीकडे गेली. जाताना फिनोला माझ्या घरी आली आणि खळीचा बंद डबा आणि एक ब्रश उंबऱ्यात ठेवून गेली. कोरड्या दिवशी लावा म्हणाली. भिंत ओली असेल तर धरणार नाही. क्लिओनाने आपली ट्रंक मॅनियनांच्या घरी हलवली. चौकोन मी दोन फळकुटांच्या मध्ये घालून पलंगाखाली सरकवला, रंगाची बाजू खाली करून.

तोंड नसलेली बाई होडीत बसली होती आणि प्रत्येक बोट तिच्यासमोरून जात होती. दुकानात गेलो की बोलणं हवामानावर यायचं. दारूच्या गुत्त्यात मी बाकावर बसलो की शेजारचा थोड्या वेळाने ग्लास भरून घ्यायला उठायचा आणि परत दुसरीकडे बसायचा. एका सकाळी भिंतीच्या पायथ्याशी, बरोबर त्या जागेच्या खाली, एक धोंडा ठेवलेला दिसला. दोन माणसांनी उचलावा असा. कोणी ठेवला हे कोणी विचारलं नाही. उन्हाळाभर तो तिथं होता. त्याच्यावरून कोणी उडी मारली की आया पोरांना ओरडायच्या.

ऑगस्टच्या शेवटी, वारा नसताना, दिवसाढवळ्या लाटा आल्या. लांब कुठेतरी वादळ झालं असेल. त्या धक्क्यावरून वाहत गेल्या, पॅचचे मोकळे पिंजरे घेऊन गेल्या. पाणी ओसरलं तेव्हा धोंडा नव्हता. त्याच आठवड्यात पिंजरे सोडताना टायगच्या पायाला दोराचा फास बसला. दोर धावत होता. तो बोटीच्या काठापर्यंत खेचला गेला, आणि पॅचने दोर कापला म्हणून वाचला. पायाची कातडी बुटासकट निघाली.

दुसऱ्या दिवशी पॅच माझ्याकडे आला. उघड्या दारातून सरळ आत न येता तो बाहेर उभा राहिला, मी ये म्हणेपर्यंत. मी चहा केला. सोडा घातलेला पाव होता, तो शिळा होता. त्याने सगळा खाल्ला. सगळं बोलणं मेंढ्यांवर झालं. उठताना तो म्हणाला, "बार्टली, दार उघडं ठेव. जन्मभर ठेव, मी कधी हसणार नाही. पण ते दार तुझं आहे. भिंत आम्हा सगळ्यांची आहे. मला एकच पोरगा आहे."

"चित्राने कोणी बुडत नाही, पॅच."

"तू तुझ्या होडीत फळीवर धोंडा ठेवतोस की नाही?"

मी ठेवतो. आजवर प्रत्येक वेळी ठेवला आहे. कपात चहा उरला होता, तो बाहेर ओतला.

सप्टेंबरात बरेच कोरडे दिवस आले. एका दिवशी मी डबा उघडून पाहिला. वरची साय काढली, खाली खळ चांगली होती. पलंगाखाली हात घातला आणि फळकुटांना हात लावून परत काढला. ते चिकटवलं की घंटा वाजणार. घंटा वाजली की लोक घरी येणार, हात हातात घेणार, आणि जाताना कोणीतरी सवयीनं दाराला कडी लावून जाणार. मी डबा झाकला आणि मेंढ्या खाली आणायला गेलो.

ऑक्टोबरात रेडिओने नैर्ऋत्येचं वादळ सांगितलं. रात्री येणार होतं. तळाशी राहिलेले पिंजरे गेले तर हिवाळ्यात हातात काही उरलं नसतं, म्हणून पॅच आणि टायग सकाळीच निघाले. दुपारी परतणार होते. मी टेकडीवरून बोट जाताना पाहिली. भिंतीसमोर आल्यावर पॅचने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

वादळाने रात्रीची वाट पाहिली नाही. दुपारचं जेवण व्हायच्या आत डोंगर दिसेनासे झाले. पाऊस आडवा होता. दार चिंधीसकट उघडलं आणि ताटल्या फळीवरून खाली आल्या. मी खिडकीतून धक्का पाहिला. बोटीची जागा रिकामी होती आणि भिंतीशी एक माणूस उभं होतं. पिवळा कोट क्लिओनाचा होता.

मी फळकुटं ओढून काढली. चौकोन कोटाच्या आत, शर्टाला लागून ठेवला. डबा आणि ब्रश घेतला. उंबऱ्याबाहेर आलो आणि दार ओढून कडी लावली. कडी इतक्या महिन्यांत गंजली होती, ती हाताच्या बुडाने ठोकून बसवावी लागली.

क्लिओनाने मला येताना पाहिलं. मी डबा खाली ठेवला तसा तिने कोपरानं झाकण दाबून उघडलं. माझी जुनी मासळीची पेटी पायाखाली घेतली तरी हात पोचेना. मग तिने धक्क्यावरच्या मोठ्या पेट्या ओढून एकावर एक रचल्या आणि दोघं वर चढून उभे राहिलो. मी स्वेटर काढून भिंत पुसली. ती पुसायची तितकी वरून ओली व्हायची. क्लिओनाने आपल्या कोटाचा आडोसा धरला. मी खळ फासली, ती दुधासारखी खाली वाहिली. चौकोन टेकवला, तो सरकला. पुन्हा टेकवला. तिने रबरी पट्टीसारखा तळहात मधून बाहेर फिरवला, शिकवलं होतं तसा. कोपरा सुटला. मी तो दाबला तर दुसरा सुटला.

"धरून राहू," ती म्हणाली.

मी वरचे दोन कोपरे धरले, तिने खालचे. वण माझ्या अंगठ्याखाली होता. क्लिओना रडत होती, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी, आणि मी तिला थांब म्हटलं नाही. हात सोडता येत नव्हते, म्हणून मागे वळता येत नव्हतं. मागे समुद्र होता. त्याचा आवाज येत होता, त्यात इंजिनाचा आवाज आहे का ते मी ऐकत होतो.

भिंत सुकली नव्हती, आणि पॅचची बोट अजून यायची होती.